तबकातला शेवटचा घोट

५ जानेवारी २०२५, रविवार

विट्याला गाडी बदलली, मायणीच्या पुढे खिडकी मिळाली आणि साडेअकराला वडूजला उतरले. सामान चार नग, एकही हरवला नाही. स्टँडवर शिवतेजराव मोटार घेऊन आले होते. त्यांनी बेदाण्याची पिशवी घ्यायला हात पुढे केला तेव्हा मी सांगितलं की ही मी धरते, जड बॅग तुम्ही घ्या. "येस मॅडम" म्हणाले आणि बॅग उचलली. फौजेतला जावई असण्याचा हा फायदा.

घर गावाच्या टोकाला आहे. नवं स्लॅबचं बांधकाम, पुढे फरशीचा ओटा, लोखंडी फाटक, मागे दोन म्हशी. मला माडीवरची खोली दिली होती. गुडघ्यांमुळे मी खालची मागून घेतली. मयूरीला सातवा महिना आहे. रक्तदाब वाढतो, म्हणून डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर इथे माहेरच गाडी बदलून लेकीकडे आलं, असं विहीणबाई म्हणाल्या. मी हसायला जरा उशीर केला, तर मयूरी आतून ओरडली, "आई, हसलीस तरी चालेल, शाळा नाहीये ही."

एकतीस वर्षं मुलांना शास्त्र शिकवलं, त्यातली नऊ मुख्याध्यापिका म्हणून. चेहरा एवढ्यात बदलत नाही. पण खरं सांगायचं तर आज मला फार बरं वाटलं. सांगलीच्या घरात संध्याकाळी बोलायला कुणी नसतं.

७ जानेवारी

दोन दिवसांत स्वयंपाकघराची घडी बसवली. डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. मनुबाईंना, म्हणजे विहीणबाईंना, वाचता येतं, तरी त्या प्रत्येक डबा उघडूनच बघतात.

बाहेरच्या खोलीत भिंतीतल्या कपाटात एक ट्रे आहे. मनुबाई त्याला तबक म्हणतात. लांबट, दोन्हीकडे मुठी, काठाला द्राक्षवेलीची नक्षी. तांब्यावर चांदीचा मुलामा. मुठींवरचा मुलामा झिजून तांबं लालसर दिसतं. मनुबाईंचे आजेसासरे पलटणीच्या मेसमध्ये नोकरीला होते, ती सोडताना एका गोऱ्या साहेबाने त्यांना तो दिला. तेव्हापासून या घरातला पुरुष फौजेत जायला निघाला की त्याचा चहा याच ट्रेमधून येतो. एरवी त्याला कुणी हात लावत नाही.

ट्रेवर कपाच्या बुडाएवढे तीन गोल डाग आहेत, काळपट. मी विचारलं. मनुबाईंनी बोट ठेवून सांगितलं: हा जोतिबा, चुलत सासरे, ब्रह्मदेशात गेले ते गेले. हा बाळासो, थोरले दीर, पासष्ट साली. तिसऱ्यावर बोट न ठेवताच त्यांनी कपाट लावलं आणि म्हशींना वैरण टाकायला गेल्या.

चांदीवर गंधकाने डाग पडतात. सातवीचा धडा आहे.

९ जानेवारी

शिवतेजरावांची रजा संपली. सकाळी सातला निघाले.

मनुबाईंनी ट्रेमध्ये एकच कप आणला. शिवतेजरावांनी ओट्यावर उभं राहून चहा घेतला आणि तळाशी घोटभर ठेवून कप परत ट्रेमध्ये ठेवला. मयूरीच्या डोक्यावर हात ठेवला, आईच्या पाया पडले, मला सॅल्यूट केला. "येतो," म्हणाले. मनुबाईंनी उरलेल्या चहासकट ट्रेवर पांढरं फडकं घातलं आणि तो कपाटात ठेवला. वर मला बजावलं, "आता ह्येला हात लावायचा न्हाई. पोस्टावर पोचल्याचा फोन आला की मगच इसळायचं. त्येचा घोट हितं हाय, तवर त्येची वाट हितवर हाय."

प्रवासाला माणूस गेलं की लगेच केर काढू नये, हे मीही पाळते. पण उष्टा दुधाचा चहा आठ दिवस कपाटात ठेवायचा? माझे ओठ मिटले असणार, कारण मयूरीने मला डोळ्यांनी दटावलं.

१२ जानेवारी

जम्मूहून फोन आला. थंडी फार आहे, म्हणाले, पुढे पोस्टवर, म्हणजे चौकीवर, लष्करी गाड्यांचा कॉन्व्हॉय सुटेल तसं जाऊ. मी मनुबाईंना विचारलं की आता धुवायचा का. "न्हाई वो. पोस्टावरनं."

कपाटाला मुंग्या लागल्या आहेत. वास येतो.

१४ जानेवारी, संक्रांत

दुपारी बायका वाण लुटून गेल्या. मयूरी झोपली होती. मी आणि मनुबाई ओट्यावर तिळाच्या वड्या डब्यात भरत होतो. त्यांनी वरदबद्दल विचारलं. सोळा वर्षांत मला कुणी सरळ विचारलेलं नाही. म्हणून मी सरळ सांगितलं.

माझा मोठा मुलगा. बावीस वर्षांचा. दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत सांगलीहून पुण्याला मोटरसायकलवर निघाला. उशीर झाला होता. अर्धा कप चहा टाकून उठला, तेव्हा मी म्हणाले की या घरात अन्न टाकत नाहीत. त्याने उभ्याउभ्या कप रिकामा केला, माझ्यासमोर उलटा करून दाखवला, हसला आणि गेला. मी लगेच कप धुऊन ठेवला. पुण्याच्या अलीकडे घाटात ट्रकखाली आला. त्याला घराची घंटा वाजवायची सवय नव्हती. हेल्मेटने फाटकावर तीनदा ठोकायचा. त्या दिवसापासून फाटकाशी काही वाजलं की माझा हात थांबतो.

कप रिकामा केल्याचं ऐकलं तेव्हा मनुबाईंचा हात वडीवर थबकला. मग तोच तिळाचा चिकट हात त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

मला तो हात आवडला नाही.

१५ जानेवारी, कर

ट्रे धुतला.

मनुबाई दुपारी शेजारी कुणाच्या बारशाचं बोलायला गेल्या होत्या. मुंग्यांची रांग थेट मयूरीच्या खोलीपर्यंत आली होती. गरोदर बाईच्या घरात हे चालणार नाही. उरलेला चहा मोरीत ओतला. परातीत गरम पाणी, मीठ, खायचा सोडा, तळाशी अॅल्युमिनियमची फॉईल. ट्रे त्यात बुडवला. चांदीचा काळेपणा असा निघतो. घासायची गरज नाही, मुलामाही जात नाही. पाच मिनिटांत आरशासारखा झाला. तीन डाग मात्र निघाले नाहीत. नंतर मी ते रांगोळीने घासले. नाहीत.

कोरडा करून, धुतलेला कप वर ठेवून, त्याच फडक्याखाली परत ठेवला. मनुबाईंना सांगायचं की नाही, ते उद्या ठरवीन.

चार वाजता आम्हा मायलेकींचा चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आले, तेव्हा फडक्यावर ओलसर गोल दिसला. कप मी नीट पुसला नसावा.

१६ जानेवारी

नीट पुसला होता. आज मुद्दाम कप काढून वेगळा ठेवला आणि ट्रे एकटाच फडक्याखाली. चार वाजता बघितला. जुन्या तीन डागांच्या शेजारी चौथा गोल. ओला, चहाच्या रंगाचा. पुसला. पाच मिनिटांनी पुन्हा तिथेच. बोट लावलं तर कोमट.

मयूरीचा थर्मामीटर आणून त्याचं टोक त्या ओलाव्यात टेकवलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

हा आकडा काय आहे हे सांगायला शास्त्राची पदवी लागत नाही. तरीही मी तो वहीच्या मागच्या पानावर वेळेसकट लिहिला. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो.

१७ जानेवारी

पोस्टवरून फोन नाही. मयूरीने दोनदा लावला, लागत नाही. मनुबाई म्हणतात, बर्फात असंच असतं, चार-चार दिवस जातात.

चार वाजता. सत्त्याण्णव.

खोलीतलं तापमान आज कालच्याहून जास्त होतं. म्हणजे खोलीमुळे नाही.

१८ जानेवारी, शनिवार

युनिटच्या ऑफिसमधून मयूरीच्या मोबाईलवर फोन आला. तो मी घेतला, ती आंघोळीला होती. साहेब सभ्य होते. वाटेत हिमकडा कोसळून रस्ता बंद झाला आहे. एका गटाशी संपर्क नाही. शिवतेजराव त्या गटात आहेत. शोध चालू आहे, घाबरू नका. मी विचारलं, किती वाजल्यापासून संपर्क नाही? ते म्हणाले, पंधरा तारखेला दुपारी तीन-साडेतीनपासून.

मी ट्रे परातीत बुडवला तेव्हा घड्याळ बघितलं होतं. पाच मिनिटं मोजायची होती म्हणून. तीन वाजून दहा.

मयूरीला सांगितलेलं नाही. तिचा रक्तदाब आज एकशे पन्नास आहे. मोबाईल माझ्याकडे ठेवला आहे, चार्जर खराब झाला असं खोटं सांगून. लेकीशी खोटं बोलायची ही पहिलीच वेळ.

चार वाजता. पंच्याण्णव पॉइंट दोन. गोल आता कोमट लागत नाही.

१९ जानेवारी

मनुबाईंना सांगितलं. त्या गोठ्यात धार काढत होत्या. मी उभी राहून सांगितलं, जशी शाळेत मुलं चूक कबूल करायची तशी, हात मागे बांधून. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चरवीत धार पडायची थांबली, एवढंच.

मग म्हणाल्या, "मीबी धुतलं हुतं वो."

एकाहत्तर साली त्या सोळा वर्षांच्या नव्या सून होत्या. नवरा, आकाराम, नुकता लढाईवर गेला होता. सासूला बरं वाटावं म्हणून त्यांनी तबक चिंचेने लख्ख घासून ठेवलं. चौथ्या दिवशी सासूने फडकं उचललं, ओला गोल बघितला, हात लावला. थंड होता. सुनेला एक शब्द बोलली नाही. चहा टाकला, कप तबकात ठेवला आणि एक थेंब न ठेवता प्याली. कप खाली ठेवून म्हणाली, "बाळासो आलाय, पानी दे त्येला." थोरला बाळासो जाऊन सहा वर्षं झाली होती. सासू उठून उंबऱ्याशी गेली आणि तिथेच बसली. उठली नाही. महिन्याने आकाराम घरी आला.

तिसरा डाग सासूचा. त्याच्यावर बोट ठेवायची हिंमत मनुबाईंना तेव्हापासून झालेली नाही.

मी म्हणाले, हा योगायोग. त्या म्हणाल्या, "आसू द्या." मग दुधाची चरवी माझ्या हातात देऊन, शांतपणे, भाजी कोणती करायची असं विचारल्यासारखं: "उद्या चारला मी पिते. माज्या पोराचा घोट हाय. आन् माजी सासू माज्यापाय गेली, त्येबी फिटंल."

चार वाजता. त्र्याण्णव. शरीर या तापमानाला थरथर कापतं. नंतर कापणं थांबतं, आणि ते जास्त वाईट असतं. हे मी मुलांना शिकवलं आहे.

२० जानेवारी

मयूरीला कळलं. तिच्या नणंदेने, क्रांतीने, युनिटकडून कळल्यावर पलूसहून शेजारणीच्या फोनवर तिलाच विचारलं. ती रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली आहे, पोटावर दोन्ही हात. मला म्हणाली, आई, तो आल्याशिवाय मी याला जन्म देणार नाही. माझी मुलगी इतकं अशास्त्रीय वाक्य कधी बोलली नव्हती. मी तिला रागावले नाही, मोबाईल परत दिला.

पावणेचारला मनुबाईंनी नवं लुगडं नेसून चहा टाकला. कप ट्रेमध्ये ठेवला. मी त्यांच्या हातून तो उडवला. फुटला. सगळ्या भिंतीवर चहा. बासष्ट आणि सहासष्ट, असं भांडायचं वय गेलं म्हणतात — त्या एकोणसत्तरच्या आहेत, चुकीचं लिहिलं — आम्ही दोघी फरशीवर बसून कपाचे तुकडे वेचत होतो आणि भांडत होतो. त्या म्हणाल्या, आवं, बाळंतपणाला आई लागती, सासू मेली तर चालतंय. मी म्हणाले, म्हशी कोण बघणार, मला त्यांच्या जवळही जाता येत नाही. त्या हसल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "लय हट्टी हाय तुमी."

नंतर मी खरं सांगितलं. मुंग्यांसाठी धुतला नव्हता. संक्रांतीला तुमचा हात थबकला, तो मला सहन झाला नाही. कपात घोट राहिला की माणूस परत येतं, हे खरं असेल तर माझ्या पोराचा कप मी रिकामा करवला. ते खरं नाही हे मला सिद्ध करायचं होतं. तुमच्या पोराच्या घोटावर.

त्या म्हणाल्या, "म्हाईत हाय." कधीपासून, ते विचारलं नाही.

थर्मामीटर 'लो' दाखवतो. आकडा नाही.

२१ जानेवारी, सकाळ

गोल दिवसाही जात नाही आता. त्यावर पातळ कवच धरलंय. नखाने वाजतं. वडूजमध्ये. सकाळच्या उन्हात.

मयूरी झोपेत त्याचं नाव —

दुपारी तीनला मनुबाईंना डॉक्टरांकडे पाठवलं. मयूरीची गोळी संपली म्हणून. संपलेली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चपला घातल्या. फाटकाशी थांबल्या. परत आल्या, माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं. मी विधवा आहे. म्हणाल्या, असू दे. आणि गेल्या. त्यांना माहीत होतं. सासू गेली तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या, आज एकोणसत्तर — तरी त्यांना पुन्हा बघायला लावायचं नाही म्हणून —

पावणेचार

चहा टाकला. आलं किसून. कप ट्रेमध्ये, चौथ्या गोलावर. बरोब्बर बसला.

मयूरीची फाइल टेबलावर. डॉक्टरांचा नंबर वर लिहिलाय. बाळाची दुपटी खालच्या कप्प्यात. डब्यांच्या चिठ्ठ्या कुणी काढू नयेत.

चार

प्याले. सगळा. उलटा करून बघितला, थेंब नाही.

काही होत नाही. हात थोडे गार. अक्षर नीट आहे.

चार वाजून चार. ट्रे पुसला. कवच नाही. ओल नाही. गोल आहे, कोरडा, काळा, तिघांसारखा. बोट ठेवलं. माझा.

चार वाजून सात. फोन. मयूरीने उचलला — आतून किंचाळली — नाही, रडते — हसते. आई, सापडलाय, आई, बोलतोय तो, बोटं गेली दोन पण — आई, ये ना —

येते म्हणाले. उठता येत नाही. पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे. बोलू दे तिला. बोलू दे.

फाटकाशी

वाजलं. हेल्मेट लोखंडावर. एक

दोन

या घरी तो कधी आला नव्हता. पत्ता कसा — दार उघडंच आहे. ओट्यावर बूट काढतोय, नेहमीसारखे, एकावर एक. मी रागावणार नाही. चहा टाकते, आणि त्याला सांगते की बाळा, घाई असेल तर संपवू नकोस, तसाच ठेव, कप मी धुणार नाही, कधीच धु